नववीच्या वर्गातला भागाकार

फूटपट्टीच्या शून्यावर एखादी वस्तू टेकवून तिची लांबी विचारली, तर 14 ते 18 वयाच्या शंभरातली 85 मुलं बरोबर उत्तर देतात. तीच वस्तू जरा पुढे सरकवून दुसऱ्या खुणेपासून ठेवली, की बरोबर सांगणारी 39 उरतात. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने 2023 साली देशातल्या 28 जिल्ह्यांमध्ये 34,745 ग्रामीण मुलामुलींना भेटून काढलेला हा निष्कर्ष आहे. मधली 46 मुलं जिथे हरवली, ती जागा नीट पाहायला हवी. त्यांना आकडे वाचता येतात. पण लांबी म्हणजे दोन खुणांमधलं अंतर आणि ते वजाबाकीने मिळतं, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत कधी पोचलीच नाही. ‘शेवटचा आकडा वाचायचा’ एवढंच पोचलं. शाळेत आठ-दहा वर्षं काढल्यावर हातात राहिलेलं गणित हे असं आहे, आणि माध्यमिक शाळेतल्या मुलांची अंकसाक्षरता कशी वाढवायची या प्रश्नाचा आढावा इथूनच सुरू करावा लागतो.

मी तो नागोठण्यात उभं राहून घेणार आहे, कारण या प्रश्नाचे बहुतेक धागे या गावात एकत्र येतात. नागोठणे हे अंबा नदीकाठचं, रायगड जिल्ह्यातल्या रोहा तालुक्यातलं जुनं बंदर. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून महाबळेश्वरला निघालेले प्रवासी खाडीने इथवर येत आणि पुढे घाटाची वाट धरत. नदीवर सोळाव्या शतकातला दगडी पूल आहे, शेजारून मुंबई-गोवा महामार्ग जातो, दिवा-रोहा रेल्वे जाते, आणि गावालगत पूर्वी आयपीसीएलचा असलेला, आता रिलायन्सचा, पेट्रोकेमिकल्सचा प्रचंड कारखाना आहे. उत्तरेला पेण, तिथले गणपतीचे कारखाने. खाडीकडे खारभूमीची भातशेती. डोंगराच्या अंगाला कातकरी आणि ठाकूर वाड्या. या पट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात नववीच्या एका बाकावर दुकानदाराची मुलगी, कंत्राटी कामगाराचा मुलगा आणि वाडीवरून चालत आलेला मुलगा शेजारी-शेजारी बसतात. तिघांसमोर बहुपदीचा तोच धडा उघडलेला असतो.

त्या वर्गात मुलांचे गणिताचे स्तर किती पसरलेले असतात याची कल्पना आकड्यांवरून येते. इंग्लंडमध्ये 1982 साली कॉकक्रॉफ्ट समितीने ‘सात वर्षांचा फरक’ असा शब्द वापरला: अकरा वर्षांच्या मुलांच्या साध्या वर्गात कुणाचं गणित सात वर्षांच्या मुलाचं असतं, तर कुणाचं चौदाच्या. आपल्याकडचं मोजमाप दिल्लीतलं आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांच्या अभ्यासात सहावीतला सरासरी मुलगा गणितात अडीच इयत्ता मागे निघाला, आणि नववीत पोचेस्तोवर ते अंतर साडेचार इयत्तांचं झालं. म्हणजे शाळेतलं प्रत्येक वर्ष त्याला अभ्यासक्रमापासून थोडं आणखी लांब नेत होतं. ‘परख’च्या डिसेंबर 2024 मधल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही हाच उतार दिसतो. गणितातली सरासरी तिसरीला 60 टक्के, सहावीला 46 आणि नववीला 37. सहावीतल्या जेमतेम 53 टक्के मुलांना दहापर्यंतचे पाढे आणि त्यांचा उपयोग जमत होता.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो मात्र एक न हललेला आकडा. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचा भागाकार 14 ते 18 वयाच्या किती मुलांना येतो, हे ‘असर’ने 2017 साली पाहिलं तेव्हा उत्तर होतं 43 टक्के. 2023 साली ते 43.3 टक्के आलं. मधल्या सहा वर्षांत महासाथ येऊन गेली, घरोघर स्मार्टफोन आले, नवं शैक्षणिक धोरण आलं, पण भागाकार जिथे होता तिथेच राहिला.

भागाकारावर मी एवढा भर देतो त्याला कारण आहे. भागाकार करायचा तर स्थानिक किंमत, वजाबाकी, गुणाकार आणि अंदाज ही चारही अंगं एकदम लागतात. त्यातलं एक कच्चं असलं तरी उत्तर चुकतं, आणि कुठे चुकलं ते कागदावर दिसतं. रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी 2012 साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली. दहाव्या वर्षी भागाकार आणि अपूर्णांक किती कळले आहेत, त्यावरून हायस्कुलातलं गणित कसं जाईल हे सांगता येतं, असं त्यांना आढळलं. बुद्ध्यंक आणि घरची परिस्थिती वेगळी काढल्यावरही. म्हणून नववीतल्या मुलाला बीजगणित येत नाही म्हणून बीजगणिताचेच जादा तास घेणं, हा आपल्या शाळांमधला सगळ्यांत रुळलेला उपाय, चुकीच्या जागी लावलेलं मलम ठरतो.

कच्चेपणा नेमका कुठे असतो? कुठल्याही हायस्कुलातल्या गणिताच्या बाईंना विचारा, त्या न थांबता सांगतील. 52 वजा 27 बरोबर 35, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून मुलाने सातातून दोन काढले. तीनशे पाच लिहायला सांगितलं की 3005. 0.25 हे 0.3 पेक्षा मोठं, कारण पंचवीस तिनापेक्षा मोठे. एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा, तेही त्याच न्यायाने. यातली एकही चूक निष्काळजीपणाची नाही. प्रत्येकीमागे मुलाने स्वतः तयार केलेला एक नियम आहे, आणि तो नियम तो प्रामाणिकपणे दरवेळी पाळतो. या चुका सुसंगत असतात हे ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी 1978 साली वजाबाकीवरच्या अभ्यासातून दाखवलं होतं. ‘नीट लक्ष दे’ असं सांगून अशी चूक सुधारत नाही. आधी तो नियम मुलाच्या तोंडून बाहेर यावा लागतो, आणि त्यासाठी त्याच्या शेजारी बसून ‘हे कसं केलंस?’ विचारावं लागतं. साठ मुलांच्या वर्गात हे कसं जमेल, याकडे पुढे येतो.

मराठी मुलांच्या वाट्याला याशिवाय एक खास अडचण येते. आपले संख्याशब्द एककापासून सुरू होतात: त्रेचाळीस म्हणताना आधी तीन ऐकू येतात, मग चाळीस. लिहिताना मात्र चार आधी लिहायचे. त्यातून शब्दही झिजलेले, जुळलेले. एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतं पण लिहायचं पन्नासच्या घरात. त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर यांतला फरक कान तयार झाल्याशिवाय कळत नाही. एक ते शंभर हे जवळजवळ शंभर वेगळे शब्द पाठ करावे लागतात. चिनी, जपानी, कोरियन मुलांना ‘दहा-तीन’, ‘चार-दहा-तीन’ असं सरळ म्हणता येतं आणि दशक-एककाची कल्पना त्यांना लवकर पकडता येते, असं अनेक अभ्यासांनी सुचवलं आहे. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधिमंडळापर्यंत विषय गेला, विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुने शब्द काढलेले नाहीत, अडखळणाऱ्या मुलाला आधार म्हणून ही जोड दिली आहे. मला तेव्हाही त्यांचं पटलं होतं, आजही पटतं. ज्यांच्या घरात प्रमाण मराठी बोलली जाते त्यांना त्र्याण्णव आपोआप येतं. कातकरी वाडीवरच्या, घरात वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला तो शब्द परक्या भाषेतल्यासारखा शिकावा लागतो. नववीतल्या मुलाने 43 ऐकून 34 लिहिलं तर तो ‘ढ’ आहे असं समजण्याआधी त्याला एकदा ‘चाळीस आणि तीन’ असं म्हणू द्यावं. त्याने मराठीचं काहीही कमी होत नाही.

आपल्या परंपरेत अंकगणिताची कमतरता कधी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी: अपूर्णांकांचे पाढे पंतोजींच्या शाळेत मुलं धूळपाटीसमोर म्हणत. औट म्हणजे साडेतीन; साडेतिनाचा पाढा तोंडपाठ असणारा मुलगा बाजारात कधी फसत नसे. याच जिल्ह्यातले, अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे एकोणिसाव्या शतकात मराठीतून गणित शिकवत आणि लिहीत होते; टिळक त्यांचे शिष्य. रोह्याचे चिंतामणराव देशमुख 1912 साली मॅट्रिकला पहिले आले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पण ही सगळी वर निघालेली नावं आहेत. पंतोजींच्या शाळेत वाडीवरची मुलं नव्हती, बहुतेक मुलीही नव्हत्या. आणि वर निघालेल्यांकडेच पाहायची सवय आपल्या शाळांना आजही आहे. शिष्यवृत्ती परीक्षा, एनएमएमएस, गणित प्रावीण्य, होमी भाभा बालवैज्ञानिक अशा परीक्षांसाठी शिक्षक मनापासून जादा तास घेतात, निकालानंतर फाटकावर फलक लागतो. भागाकार येऊ लागलेल्या नववीतल्या मुलाचा फलक मी अजून पाहिलेला नाही.

आता उपायांकडे. मागे पडलेल्या मुलांना गणितात वर कसं आणायचं याबद्दल जगाला आज जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं मुंबईतून बाहेर पडलं, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी माहीत नसते. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत ‘प्रथम’ सुरू केली. तिच्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतलीच, दहावी-बारावी झालेली एक तरुणी थोड्या प्रशिक्षणानंतर महापालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची. तिला महिन्याला 500 ते 750 रुपये मिळत. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी मुंबई आणि बडोद्यात 2001 ते 2003 या काळात याची काटेकोर चाचणी घेतली. कुठल्या शाळांना बालसखी मिळेल ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं, म्हणून निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो. मुलं स्पष्टपणे पुढे गेली, आणि सर्वांत मागे असलेली सर्वांत जास्त. बडोद्यात आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ देऊन गणितातली वाढ त्याहून मोठी मिळाली. (बॅनर्जींच्या आई, अर्थतज्ज्ञ निर्मला बॅनर्जी, मूळच्या पाटणकर. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मिळालेल्या 2019 च्या नोबेलच्या मुळांशी मुंबईच्या पालिका शाळांचे वर्ग आहेत, याचा अभिमान आपण बाळगायला हरकत नाही.)

त्याच अभ्यासातली कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की उपक्रम थांबल्यावर वर्षभरात मिळवलेल्यापैकी बरंचसं विरून गेलं. बालसखी गेली, मुलं पुन्हा इयत्तेच्या पुस्तकापुढे बसली, आणि त्या पुस्तकाशी त्यांचा मेळ बसेना. या क्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येक यशाला ही शेपटी आहे. सहा आठवड्यांची मोहीम, शेवटी चाचणी, आलेख वर गेला, अहवाल झाला. पुढच्या जूनमध्ये कुणी परत मोजत नाही.

‘बालसखी’तून निघालेली पद्धत आज ‘स्तरानुसार अध्यापन’ म्हणून अनेक देशांत पोचली आहे. तिचा गाभा साधा आहे. प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून पाच मिनिटांत पाहायचं: अंक ओळखतो का, दोन अंकी संख्या वाचतो का, हातच्याची वजाबाकी येते का, भागाकार येतो का. मग इयत्ता विसरून स्तराप्रमाणे गट करायचे, रोज ठरलेला तास द्यायचा, आणि मूल वर सरकलं की गट बदलायचा. पण हे सगळे प्रयोग प्राथमिक शाळेतले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचं काय, हा आपला प्रश्न आहे आणि त्याची उत्तरं कमी ठिकाणी सापडतात.

त्यातली दोन भक्कम आहेत. पहिलं दिल्लीतलंच. वर उल्लेखलेल्या अभ्यासात सहावी ते नववीच्या 619 मुलांपैकी निम्म्यांना शाळा सुटल्यावर केंद्रावर रोज दीड तास बोलावलं: पाऊण तास ‘माइंडस्पार्क’ हे संगणकीय साधन, पाऊण तास लहान गटात शिक्षक. ते साधन मुलाची इयत्ता विचारतच नसे. तो जिथे अडकला असेल तिथला प्रश्न द्यायचं, मग तो नववीतला असून तिसरीत अडकलेला का असेना. साडेचार महिन्यांत मुलांची गणितातली प्रगती न आलेल्या मुलांच्या दुपटीहून अधिक झाली. पण सर्वांत मागे असलेल्यांना शाळेच्या परीक्षेत फारसे जास्त गुण मिळाले नाहीत. ती पुढे सरकली होती ती खालच्या इयत्तांच्या गणितात, आणि प्रश्नपत्रिका चालू इयत्तेची होती. मुलगा खरोखर पुढे गेला आणि त्याच्या प्रगतिपुस्तकाला पत्ताच लागला नाही. हे वाचल्यापासून मला वाटतं, शाळेने निदान एक कागद असा ठेवावा ज्यावर मुलाचा काल आणि आज दिसेल, वर्गातला क्रमांक नव्हे.

दुसरं उत्तर शिकागोतलं. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या नववी-दहावीच्या मुलांना शाळेच्या वेळापत्रकातच रोज एक तास, एका शिकवणाऱ्यामागे दोन मुलं, असं वर्षभर शिकवलं. अर्धा वेळ मागचं भरून काढायला, अर्धा चालू वर्गाच्या अभ्यासाला. गणितात नापास होणाऱ्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. किशोरवयात गणित सुधारत नाही, उशीर झालेला असतो, असं मानणाऱ्यांना हे चोख उत्तर होतं. मात्र त्याला प्रत्येक मुलामागे वर्षाला काही हजार डॉलर लागले. रायगड जिल्ह्यातल्या शाळेला ते शक्य नाही, पण त्यातला एक धागा फुकट आहे: जुनं आणि चालू गणित एकाच तासात शेजारी-शेजारी ठेवणं. मुलाला खाली नेलं जातंय याची लाज त्याने कमी होते. या वयात लाज हा फार मोठा अडथळा असतो. तिसरीतलं मूल चुकीचं उत्तर मोठ्याने देतं. नववीतलं गप्प बसतं, वहीत फळ्यावरचं उतरवून घेतं, आणि सुवाच्य वहीखाली सगळं झाकलं जातं.

महाराष्ट्रातही काम झालं आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात ग्रामीण शाळांबरोबर काम केलं. पुढे व. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांमधली वंचित घरांतली मुलं घेऊन दहावीपर्यंत त्यांची सोबत केली. मुलांची अडचण विषयापेक्षा पुस्तकाच्या भाषेत जास्त आहे, हे त्यांनी दाखवलं. ‘क्ष ची किंमत काढा’ या वाक्यातला ‘किंमत’ हा शब्द आठवडा बाजारातल्या मुलाला काय सांगतो, याचा विचार आपण आजही करत नाही. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याहून काम करणारी नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ आदिवासी मुलांबरोबर मागे राहिलेलं भरून काढायचं काम वर्षानुवर्षं करते आहे. विवेक माँटेरो आणि गीता महाशब्दे यांच्या ‘नवनिर्मिती’ने ठोकळे, नळ्या, कागद वापरून सर्व मुलांसाठी करून पाहायचं गणित मांडलं. यातल्या कुठल्याही गटाने झटपट गुण वाढवून देतो असं म्हटलेलं नाही. म्हणूनच मला त्यांच्यावर भरवसा वाटतो.

सरकारी पातळीवर उपक्रमांची नावं पुष्कळ. 22 जून 2015 चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’, 2021 च्या जुलैपासून 45 दिवसांचा सेतू अभ्यास, मग ‘निपुण भारत’, आणि 2025 मध्ये दुसरी ते पाचवीसाठी ‘निपुण महाराष्ट्र’. सेतू अभ्यास दहावीपर्यंतच्या मुलांसाठी होता, पण तो मागच्या एका इयत्तेचा होता. साडेचार इयत्ता मागे असलेल्याला एक पायरी खाली उतरून काही हाती लागत नाही. ‘निपुण’चं लक्ष्य तिसरीअखेर वाचन आणि अंकज्ञान पक्कं करणं हे आहे. ते योग्यच आहे, पाया तिथेच भरायचा असतो. पण ती मुलं नववीत येईपर्यंत ज्या पिढ्या मधल्या इयत्तांत अडकल्या आहेत, त्यांच्यासाठी ठरलेला तास नाही, ठरलेलं साहित्य नाही, ठरलेला माणूस नाही. 2024 च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात दहावीला गणितात 35 ऐवजी 20 गुणांनाही उत्तीर्ण करावं, मात्र पुढे गणित घेता येणार नाही असा शेरा द्यावा, असं सुचवलं गेलं. गणितापायी शिक्षण सुटणाऱ्या मुलांची कणव त्यामागे आहे, ती मी समजू शकतो. पण भागाकार न येणाऱ्या मुलाला त्याने दार उघडतं ते भागाकाराशिवाय बाहेर पडण्याचं.

बाहेर पडल्यावर काय वाट पाहत असतं? पेणजवळ हमरापूर, जोहे, कळवे या गावांत शिरलं की घराघरात गणपती. शाळेत जाणारी मुलं हंगामात रंगकाम करतात. एक फुटाच्या मूर्तीला जेवढा माल लागतो त्याच्या दुप्पट दोन फुटांच्या मूर्तीला पुरत नाही, हे तिथला मुलगा हाताने जाणतो. नववीच्या पुस्तकातल्या घनफळाशी त्याचा संबंध आहे हे त्याला कुणी सांगत नाही. भात मोजणाऱ्या घरातल्या मुलीला चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी ठाऊक असते. हे गणित शाळेतल्या गणिताला आपोआप जोडलं जाईल अशी आशा पुष्कळांना होती. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांवर 1985 साली झालेल्या अभ्यासाने दाखवलं की बाजारात बिनचूक हिशेब करणारी मुलं तीच उदाहरणं कागदावर आली की चुकतात. अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या छोट्या कारखान्यांत हात लावणाऱ्या शाळकरी मुलांचं हिशेबाचं ज्ञान किती समृद्ध असतं आणि शाळेत ते कसं बिनकामाचं ठरतं, ते टिपलं. आणि 2025 च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारातल्या 1,436 कामकरी मुलांचा अभ्यास आला: बाजाराची मुलं शाळेच्या उदाहरणांत अडखळली, आणि काम न करणारी शाळेची मुलं बाजाराच्या हिशेबात. पूल दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे. तो बांधायचं काम शिक्षकाने वर्गात, मुद्दाम, रोज करावं लागेल. नुसतं ‘जीवनाशी जोडलेलं’ म्हणून शाब्दिक उदाहरणात आंबे घातल्याने ते होत नाही.

मग नागोठण्यातल्या हायस्कुलाने काय करावं? आधी वेळेचा हिशेब. नववीत साठ मुलं, प्रत्येकाला तोंडी चाचणीला सहा मिनिटं, म्हणजे 360 मिनिटं: सहा तास. जूनच्या शेवटच्या आठवड्यात दोन शिक्षकांनी रोज अर्धा-अर्धा तास दिला तरी सहा दिवसांत होतं. त्यातून साधारण तीन गट पडतील. रोज पहिला तास सहावी ते नववीच्या सगळ्या वर्गांना गणिताचाच ठेवला तर इयत्ता मोडून गट करता येतात, आणि शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला एक गट घेता येतो. मराठीच्या सरांना भागाकाराचा गट नको वाटेल, पण बालसखीला तरी कुठे गणिताची पदवी होती? साहित्यात मण्यांची माळ, सुट्टे पैसे, फूटपट्ट्या, कागदाच्या पट्ट्या. खर्च नगण्य आहे. खरा प्रश्न वेळापत्रकातल्या त्या तासाचा आणि तो साडेचार महिने न मोडण्याचा.

साडेचार महिनेच का, तर हा भाग तसा आहे. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळसा पाडायला बाहेर पडतात. मुलं बरोबर जातात किंवा घर सांभाळत शाळेबाहेर राहतात, आणि परततात ती मे महिन्यात. नव्वदच्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या ‘विधायक संसद’ने ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या, त्या लहान मुलांसाठी होत्या. नववीतला मुलगा भट्टीवर गेला की तो कामगार म्हणूनच जातो. जानेवारी-फेब्रुवारीत, परीक्षेच्या तोंडावर घेतले जाणारे जादा तास त्याला मिळतच नाहीत. जून ते दिवाळी हे साडेचार महिने हाच त्याचा काळ, आणि योगायोगाने दिल्लीतला प्रयोग तेवढ्याच काळात साधला होता. तो गेल्यानंतर दुवा ठेवायचा तर बोट्सवानातला अनुभव उपयोगी पडेल: महासाथीत आठवड्याला एक संदेश आणि वीसेक मिनिटांचा एक फोन एवढ्यावर मुलांचं गणित सुधारलं. भट्टीवर आज फोन पोचतो.

दिवाळीआधीच्या शेवटच्या पंधरवड्यात या गटांनी एकच गोष्ट करावी असं माझं म्हणणं आहे: उचलीची वही. ‘असर’च्या 2023 च्या पाहणीत, वजाबाकी येणाऱ्या मुलांमध्येही कर्जाची परतफेड किती होईल हे काढता आलं ते फक्त दहा टक्क्यांना. आकडे समजण्यापुरते घेऊ. घरात भट्टीमालकाकडून 30,000 रुपये उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आली. हजार विटांना 700 रुपये ठरले. हंगामात 80,000 विटा पाडल्या, म्हणजे 56,000 रुपयांचं काम झालं. वीस आठवडे दर आठवड्याला 1,500 रुपये खर्ची, म्हणजे घरखर्चाचे पैसे, घेतली, ती 30,000. छप्पन्न हजारांतून खर्ची गेली, 26,000 उरले. त्यातून उचल जात नाही. चार हजार अंगावर राहिले आणि पुढचा हंगाम तिथूनच सुरू होणार. यात एक गुणाकार हजारांचा, एक आठवड्यांचा आणि दोन वजाबाक्या आहेत. चौथीपलीकडचं काही नाही. अवकाळी पावसाने भिजलेल्या विटा कुणाच्या खात्यात धरल्या, एखाद्या आठवड्याची खर्ची दोनदा तर मांडली नाही ना, हे पाहायला मात्र त्या त्या आठवड्याची नोंद लागते. मुलाने दोनशे पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर उचल आणि दर, तारखेसह. पुढे चार रकाने: आठवडा, विटा, खर्ची, अंगावर बाकी. शेवटचा रकाना दर रविवारी आई-वडिलांसमोर वजाबाकी करून भरायचा, आणि फोनवर बाईंना वाचून दाखवायचा.